त्या दहा पॉवर बँका

आमचं दुकान लोणावळ्यात भुशी धरणाच्या रस्त्यावर आहे. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढे निळी ताडपत्री. पावसाळ्यात चालतं, बाकीचं वर्ष अर्धं बंदच असतं. रेनकोट, रबरी चपला, टॉवेल, गळ्यात अडकवायच्या मोबाईलच्या प्लास्टिक पिशव्या, असं धरणावर भिजून आलेल्या माणसाला लागणारं सगळं मी ठेवते. गेल्या काही वर्षांत त्यात पॉवर बँकेची भर पडली. माणसं कुडकुडत दुकानात शिरतात आणि टॉवेलच्या आधी विचारतात, "चार्जिंगचं काही आहे का?" दिवसभर फोटो काढून फोन मेलेला असतो, बरोबरची माणसं गर्दीत पांगलेली असतात आणि गाडी कुठे लावली ते कुणाला आठवत नसतं.

मी पुण्याच्या एका होलसेल दुकानातून बिलावर माल आणायचे. गेल्या वर्षी जुलैत माल संपला आणि शनिवार तोंडावर आला. शुक्रवारी दुपारी मोटरसायकलवरून एक माणूस आला. चाळिशीचा, पाठीवर मोठी सॅक, बोलायला गोड.

"भाभी, माल एकदम ओरिजिनल आहे. गोडाऊनमध्ये पाणी शिरलं म्हणून लॉट स्वस्तात काढलाय."

खोकी तर कोरडी ठणठणीत होती. त्याने दहा खोकी काउंटरवर रचली. आत काळ्या चकचकीत डब्या, अंघोळीच्या साबणापेक्षा थोड्या मोठ्या, वर एका नावाजलेल्या कंपनीचं नाव. भाव निम्म्याहून कमी. मी एक खोकं उचलून वाचलं. कंपनीच्या नावात एक अक्षर जास्तीचं होतं.

"हे स्पेलिंग असं कसं?" मी विचारलं.

"एक्सपोर्टचा माल आहे ना भाभी. तिकडे असंच लिहितात."

मला ते पटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी रस्ता माणसांनी फुलणार होता आणि माझ्या फळीवर एकही पॉवर बँक नव्हती. बिल मागितलं तर "पुढच्या खेपेला आणतो" म्हणाला, एक नंबर लिहून दिला आणि गेला. दहाही मी ठेवून घेतल्या.

रविवार संध्याकाळपर्यंत पाच पर्यटकांनी नेल्या. एक शेजारच्या भजीच्या टपरीवाल्या मावशींनी घेतली. एक मी तळेगावजवळ इंदुरीला सासूबाईंसाठी पाठवली. त्या मोठ्या दिरांकडे असतात आणि पावसात तिकडे वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. एक माझ्या मुलीने उचलली, ती बारावीला आहे. दोन उरल्या त्या दुकानाच्या फळीवर राहिल्या.

त्यानंतरच्या आठवड्यातला मंगळवार. सकाळचे अकरा वाजले असतील. मंगळवारी पर्यटक नसतात म्हणून मी दुकान उघडलं नव्हतं. नवरा देहूरोडला लष्कराच्या डेपोत नोकरीला, तो सकाळीच गेलेला. मुलगी बाथरूममध्ये होती आणि मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसले होते. बाहेरच्या खोलीतून तडतड असा आवाज आला, तापल्या तेलात मोहरी पडल्यावर येतो तसा. मी गॅसकडे बघितलं. गॅस बंद. मग फुस्स असा बारीक आवाज सुरू झाला आणि तो थांबेचना.

दारात गेले तर ट्रंकेवर रचलेल्या गोधड्यांच्या वर पांढरा धूर उभा होता. तिथेच भिंतीला प्लग आहे, म्हणून मुलीने पॉवर बँक चार्जिंगला लावून गोधड्यांवर ठेवली होती. मी हाक मारणार तोच डबीतून जाळ निघाला. तो वर चढत नव्हता, एका बाजूने आडवा सुटत होता, जोरात. भिंतीवरचं कॅलेंडर बघता बघता काळं होऊन गळून पडलं.

पाणी आणावं असं पहिल्यांदा मनात आलं. मग वाटलं, हे विजेला जोडलंय, पाणी कसं टाकू? तेवढ्यात वरची गोधडी पेटली. मी गोधडीची खालची दोन टोकं धरली आणि सगळं गाठोडं तसंच ओढलं. वायर प्लगमधून निसटली. दारापर्यंत चार पावलं असतील आमच्या खोलीत. त्या चार पावलांत वितळलेलं प्लास्टिक माझ्या उजव्या तळव्यावर सांडलं, ते मला बाहेर गेल्यावर कळलं. गोधडी मी अंगणात फेकली.

पाऊस कोसळत होता. गोधडी विझली, पण ती डबी विझेना. पागोळ्यांखाली, साठलेल्या पाण्यात पडून ती जळत होती. एकदा विझली, धूर आला, आणि मी श्वास सोडते तोच पुन्हा भडकली. आग पाण्याला घाबरते एवढंच मला आयुष्यभर माहीत होतं. भर पावसात जळणाऱ्या त्या वस्तूकडे बघत मी उंबऱ्यावर बसले.

मुलगी ओल्या केसांनी खोकत बाहेर आली. तिने एकदा खोलीकडे बघितलं, एकदा अंगणाकडे.

"आई, रात्री माझ्या उशाशी होती ती."

माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. ही एक. बाकीच्या नऊ कुठे आहेत?

दोन दुकानात. बंद दुकानात, प्लास्टिकच्या रेनकोटांच्या मागे. दुकानाची एक भिंत मावशींच्या टपरीला लागून, आणि टपरीत गॅसचे सिलिंडर. मावशींकडे आणखी एक. आणि इंदुरीला आत्यांच्या उशाशी एक. सासूबाईंना मी आत्या म्हणते. चैत्रात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आपल्या आपण पलंगावरून उतरता येत नाही त्यांना.

मी मोबाईल उचलला. आत्यांचा फोन बंद. जावेला लावला, वाजून वाजून थांबला. भातलावणीचे दिवस होते, सगळे शेतात असणार. नवऱ्याला लावायचा प्रश्नच नव्हता. डेपोत शिरताना फोन गेटवर जमा करावा लागतो, सुटी झाल्यावरच हातात येतो.

मुलीने माझ्या हातावर नळाचं पाणी सोडलं, ओला पंचा गुंडाळला. "आई, आधी डॉक्टरकडे चल."

"आधी दुकान. तू दारं-खिडक्या उघड्या ठेव आणि इंदुरीला फोन लावत राहा. लागला की सांग, ती डबी बाहेर फेका म्हणावं. हातात घेऊ नका, चिमट्याने उचला म्हणावं."

रिक्षाने दुकानापर्यंत दहा मिनिटं लागली असतील. रिक्षावाला पावसाबद्दल काही बोलत होता, मी प्रत्येक वळणावर पुढे धूर दिसतोय का ते बघत होते. धुकं एवढं की सगळाच डोंगर धुमसतोय असं वाटत होतं. शटर डाव्या हाताने उचलेना. रिक्षावाल्याने मदत केली. आत नेहमीचा प्लास्टिकचा आणि ओल्या पत्र्याचा वास. फळीवरची दोन्ही खोकी गार होती. मी ती रिकाम्या तेलाच्या डब्यात ठेवली आणि डबा मागच्या उघड्या कातळावर, दुकानापासून लांब नेऊन ठेवला, वर पत्रा झाकला.

मग मावशींच्या टपरीत गेले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मावशी कांदे चिरत होत्या.

"मावशी, मी दिलेली ती चार्जिंगची डबी कुठंय?"

"हाय की, तितं," त्यांनी सुरीनेच दाखवलं.

भरलेला जास्तीचा सिलिंडर कोपऱ्यात उभा होता. त्यावर फळी ठेवून मावशींनी कपाटासारखा उपयोग केला होता. फळीवर मिठाची बरणी, देवाचा फोटो, आणि फोटोपुढे काळी डबी, चार्जिंगला लावलेली. तिचा बारीक निळा दिवा लुकलुकत होता.

मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग वायर ओढली. डबी तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखी गरम होती.

"आगं, काय झालं? लय ब्येस चालती ती. जरा ऊन हुती, येवढंच."

"मावशी, ही मला परत द्या."

"दिल्याली वस्तू माघारी नेतीस व्हय? मी काय फुकट घेतलीया का?"

मी पंचा सोडून हात पुढे केला. तळव्याची कातडी पांढरी होऊन सुटली होती, मधे काळं प्लास्टिक चिकटलेलं. मावशींनी सुरी खाली ठेवली.

"घरी अशीच एक पेटली, आत्ता तासाभरापूर्वी," मी म्हणाले.

मावशी माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग सिलिंडरकडे बघितलं. मग सिलिंडरच्या पायथ्याशी पसरलेल्या पोत्यांकडे.

"नातवंडं शाळंतनं आली का हितंच निजत्यात," त्या हळूच म्हणाल्या. एवढं बोलून त्या उठल्या आणि टपरीच्या बाहेर पावसात जाऊन उभ्या राहिल्या, कुणी हाकलल्यासारख्या. ती डबीही मी कातळावरच्या डब्यात टाकली.

मुलीचा फोन आला. "आई, आजीचा अजून बंदच आहे."

त्या वेळेला तळेगावकडे जायला लोकल नव्हती, दुपारच्या गाडीला अवकाश होता. जुन्या हायवेवर येऊन एस.टी. पकडली. कार्ला गेलं, कामशेतला गाडी ट्रकांच्या मागे अडकून पडली. शेजारी बसलेल्या बाई पिशवीतून पेरू काढून खात होत्या, मलाही एक देऊ केला. मी नको म्हटलं. मला तोंड उघडायची भीती वाटत होती, उघडलं तर ओरडेन असं वाटत होतं. हात आता ठणकायला लागला होता. पण त्या ठणक्याचा मला आधार वाटत होता. दुखतंय तोवर मनात दुसरं चित्र येत नव्हतं. ठणका जरा थांबला की ते चित्र यायचं: बाहेरून कडी लावलेलं घर, आत पलंग, आणि पलंगावरून उतरू न शकणारी म्हातारी.

बाहेरून कडी लावायची पद्धतच होती त्यांची. शेतात जाताना कुत्री आत शिरू नयेत म्हणून. आत्यांनीच लावायला सांगितली होती.

तळेगावहून रिक्षा केली. नदीवरचा पूल येईपर्यंत मी रिक्षावाल्याला तीनदा "जरा लवकर" म्हणाले. चौथ्यांदा तो म्हणाला, "ताई, कुणी सीरियस हाय का?" मी मान हलवली. हो का नाही, ते मलाच ठाऊक नव्हतं.

घराला कडी होती. कडी काढली आणि दार लोटलं. आत अंधार, वीज गेलेली, आणि घरभर धूर.

"आत्या!" मी ओरडले. आतून काहीच नाही. भिंत धरून धरून पुढे गेले. मग कळलं, धूर गोठ्याकडून येत होता. डासांसाठी जनावरांपुढे शेणीची धुरी करून ठेवली होती आणि वाऱ्याने ती घरात वळली होती.

आत्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. अंगावर चादर. मी उशीखाली हात घातला. तंबाखूची चंची होती, रुमालात बांधलेलं औषध होतं. डबी नव्हती. फोन त्यांच्या पोटाशी होता आणि त्याची वायर चादरीत गेली होती.

"आत्या."

"कोन हाय?" त्यांनी डोळे उघडले. "तू व्हय? येवढ्या पावसाची? हाताला काय झालं?"

"आत्या, मी पाठवलेली ती डबी कुठंय?"

"कमरंला हाय."

मी चादर बाजूला केली. ऑपरेशन झालेल्या खुब्यावर आत्यांनी ती डबी जुन्या लुगड्याच्या पट्टीने करकचून बांधली होती.

"लय बरं वाटतं गं," त्या सांगायला लागल्या. "फोन जोडला का ऊन व्हती. त्यात फोन बंद करून जोडला का आनिक जास्त येळ ऊन ऱ्हाती. रबरी पिशवीत पानी भरायला कुनाला सांगायचं? समदी शेतात. ही आपली आपन."

मी वायर काढली. डबी आता चपटी राहिली नव्हती. दोन्ही बाजूंनी पोट फुगलं होतं आणि कडेची फट उघडली होती. त्या फुगण्याने पट्टीची गाठ आवळून बसली होती. डाव्या हाताच्या नखांनी ती सुटेना. उजव्याची बोटं मिटत नव्हती. कात्री घ्यावी असं वाटलं, पण कात्रीचं टोक फटीत गेलं तर? मी वाकले आणि दातांनी गाठ धरली. तोंड त्या डबीपासून चार बोटांवर. त्या फटीतून नेलपॉलिशसारखा गोडसर वास येत होता. तो वास आजही मला कुठे आला की मी ती जागा सोडते.

"काय करतीस गं?" आत्या हसत होत्या. "अशी गाठ सोडत्यात व्हय?"

"हलू नका आत्या. अजिबात हलू नका."

माझ्या आवाजात काहीतरी असलं पाहिजे. त्यांचं हसू थांबलं. गाठ सुटायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. सुटली तेव्हा पट्टीसकट डबी उचलून मी मागच्या दाराने बाहेर गेले, पळाले नाही, हादरा बसेल म्हणून एकेक पाऊल टाकत गेले. कडब्याच्या गंजीपासून लांब, बांधाजवळ, मातीने भरलेलं एक घमेलं पडलेलं होतं. डबी त्यात ठेवली, वर माती लोटली आणि मागे सरले.

काही झालं नाही. मी पावसात उभी राहून घमेल्याकडे बघत होते आणि काहीच होत नव्हतं. तेव्हा मला रडू आलं.

आतून आत्यांची हाक आली. "अगं, ती डबी आन की. गार पडलं कंबरंला."

परत येऊन बघितलं तर त्यांच्या खुब्यावर तळहाताएवढा लाल चट्टा होता आणि दोन फोड आले होते. ऑपरेशनपासून तिथली कातडी बधिर झाली होती, त्यांना भाजल्याचं कळलंच नव्हतं. मी पलंगाशी खाली बसून त्यांना सगळं सांगितलं. मुलीची, गोधडीची, मावशींच्या सिलिंडरची गोष्ट. ती डबी खोटी होती आणि मीच ती पाठवली, हेही सांगितलं.

आत्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. "खोटी व्हय?" त्या म्हणाल्या. "ऊन तर खरीच हुती." मग माझा पंचा गुंडाळलेला हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि जाऊ शेतातून येईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी नवरा डेपोतून परस्पर इंदुरीला आला. मुलीकडून सगळं कळलं होतं त्याला. आधी घमेलं बघून आला, मग दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी प्लास्टिक काढताना माझं तोंड त्याने आपल्या खांद्यावर धरलं होतं.

दोन-तीन दिवसांनी आम्ही लोणावळ्याच्या बाजारातल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. नवऱ्याच्या ओळखीचा, मला वहिनी म्हणतो. न विकलेल्या दोनांपैकी एक त्याने दुकानाबाहेर, वाळूच्या पाटीत ठेवून उघडली. आत दोन सेल होते. एकाचं वेष्टन फाटून सोलवटलेलं, तो कुठल्यातरी जुन्या लॅपटॉपमधून काढलेला. उरलेल्या जागेत सिमेंटसारखा एक गोळा चिकटवलेला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"वजनाला. हातात घेतल्यावर भरीव वाटावी म्हणून." त्याने खोकं उचललं. "वहिनी, यावर तीस हजार एमएएच छापलंय. एवढ्याशा डबीत तीस हजार मावतात का? खऱ्या तीस हजारवाल्या विटेसारख्या असतात." मग त्याने खालच्या बाजूचा सरकारी नोंदणीचा बारीक नंबर आपल्या फोनवरच्या सरकारी ॲपमध्ये टाकला. नंबर खरा होता, पण भलत्याच कंपनीच्या एलईडी दिव्याचा. "गरम झाली तर बंद पडावी म्हणून आत एक छोटी पट्टी असते," तो म्हणाला. "यात ती नाहीच. ही गरमच होत राहणार."

त्या विक्रेत्याने दिलेला नंबर अस्तित्वात नव्हता. चौकीत जाऊन आम्ही अर्ज दिला, उघडलेली डबीही दिली. अर्ज घेतला त्यांनी. पुढे काही कानावर आलं नाही.

चार डब्या परत हाती आल्या होत्या, एक जळून गेली होती. पण पर्यटकांनी नेलेल्या पाच अजून बाहेर होत्या. त्या पाचांनी माझी झोप नेली. मी दुकानावर पाटी लावली: या दुकानातून काळी पॉवर बँक घेतली असेल तर वापरू नका, परत आणून द्या. नवरा म्हणाला, "अशी पाटी वाचून दुकानात कोण चढेल?" तरी त्यानेच खिळे ठोकले. पण पुण्या-मुंबईहून एकदा आलेली माणसं पाटी वाचायला परत थोडीच येणार होती.

युक्ती मुलीला सुचली. पाचांपैकी तिघांनी फोनवरून स्कॅन करून पैसे दिले होते. त्यांची नावं माझ्या फोनमध्ये होती. प्रत्येकाला एकेक रुपया पाठवायचा आणि त्याखाली निरोप लिहायचा. आम्ही दोघींनी बसून मजकूर केला. पहिल्याने अर्ध्या तासात उत्तर दिलं, टाकून देतो, थँक्स. दुसऱ्याने हा काय नवीन फ्रॉड आहे असं विचारलं आणि पुढे निरोप जाणंच बंद झालं. तिसऱ्याकडून काहीच आलं नाही. मी दिवसातून दहा-बारा वेळा उघडून बघायचे.

आठव्या दिवशी दुकानात असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज होता, शांत.

"तुम्ही माझ्या मिस्टरांना एक रुपया पाठवलात. लोणावळ्याच्या दुकानातून."

"हो. ताई, ती पॉवर बँक..."

"जळाली. तुमचा मेसेज यायच्या आधीच. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर. आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो. पडदा आणि टेबल गेलं. शेजाऱ्यांनी दार तोडलं."

मी काउंटरला धरून उभी होते. "कुणाला काही...?"

"घरात कुणी नव्हतं." जरा थांबून तिने विचारलं, "मला एवढंच सांगा. विकताना तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. समोर गिऱ्हाईक रेनकोट अंगाला लावून बघत होतं, बाहेर पाऊस होता, ती कुठल्या शहरातून बोलत होती तेही मला ठाऊक नव्हतं.

"माहीत नव्हतं," मी म्हणाले. "पण शंका आली होती. मी ती बाजूला सारली."



"बरं झालं खरं बोललात," ती म्हणाली. आवाज आता तितका शांत नव्हता. "माझा मुलगा नेहमी त्या टेबलाशीच बसलेला असतो." आणि तिने फोन ठेवला. नुकसान भरून देते म्हणून मी दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही.

आता मी पुन्हा पुण्याहूनच बिलावर माल आणते. प्रत्येक खोक्यावरचा नंबर दुकानातच बसून तपासते, नाव अक्षर अक्षर वाचते. गिऱ्हाईक म्हणतं, खाली हातगाडीवर निम्म्या भावात मिळते. मी तळहात दाखवते. काही जण थांबतात, काही जण हातगाडीकडे जातात.

रोख पैसे देऊन नेलेल्या दोन डब्यांचा पत्ता लागला नाही. एक कॉलेजच्या पोरांच्या घोळक्याने नेली होती. दुसरी एका जोडप्याने. बाईच्या कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ होतं, लाल टोपडं घातलेलं. सकाळी पेपर आला की मी अजून आगीच्या बातम्या आधी वाचते, पार आतल्या पानावरच्या दोन ओळींच्यासुद्धा. कुठे बाळाचा उल्लेख असला की गाव कुठलं ते बघते.

एक गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. त्या बाईने पॉवर बँक हातात घेऊन मला विचारलं होतं, "गाडीत ही बाळाच्या सीटजवळ ठेवली तर चालेल ना?" आणि मी टॉवेलाची घडी घालत, वर न बघता म्हणाले होते, "बिनधास्त ठेवा."